दहा लाख श्रोते असूनही स्टेशन बंद

वाचकहो, रेडिओवरचे गाणे फुकट असते, असा आपल्या सर्वांचा समज आहे. तिकीट नाही, वर्गणी नाही; बटण फिरवले की गाणे सुरू. पण फुकट दिसणाऱ्या वस्तूचे पैसे कोणीतरी भरत असतो, आणि जो पैसे भरतो तोच शेवटी कोणाचे गाणे लागायचे आणि कोणाचे नाही हे ठरवतो. ही गोष्ट नीट उमजायची असेल तर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात ‘कंट्री म्युझिक’चे काय झाले ते समजून घेण्यासारखे आहे. म्हणून आज या सदरात तो विषय घेतला आहे.

कंट्री म्युझिक म्हणजे सरळ मराठीत गावाकडचे गाणे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातले शेतकरी, कोळशाच्या खाणीतले मजूर, कापसाच्या गिरणीतले कामगार, रेल्वेवर आणि ट्रकवर राबणारी माणसे यांच्यातून हे गाणे वर आले. गिटार, बँजो आणि फिडल म्हणजे व्हायोलिन ही त्याची वाद्ये. विषय म्हणाल तर तेच, जे कुठल्याही कष्टकऱ्याच्या गाण्यात असतात. सुटलेले गाव, आईची आठवण, दारूपायी मोडलेला संसार, थकलेला पगार, देवाचा धावा आणि प्रेमातला दगा.

आता न्यूयॉर्क पाहा. शहराच्या हद्दीत ऐंशी लाखांवर माणसे, आणि भोवतालची उपनगरे धरली तर दोन कोटींच्या आसपास वस्ती. जगातली कुठलीही भाषा तिथे कानावर पडते. अशा शहरात गेल्या पन्नास वर्षांत पाच स्टेशनांनी कंट्री गाणी लावून पाहिली, आणि पाचही वेळा ती बंद पडली. ऐकणारेच नव्हते म्हणून बंद पडली का? तसे म्हणावे, तर आकडे वेगळेच सांगतात.

गाणे शहरात आले कसे

या गाण्याचे आणि रेडिओचे नाते जन्मापासूनचे आहे. शिकागो शहरात डब्ल्यूएलएस नावाचे स्टेशन एप्रिल १९२४ मध्ये सुरू झाले. ते काढले सीअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीने. खेड्यातले शेतकरी हे तिचे गिऱ्हाईक. पहिल्याच आठवड्यानंतर शनिवारी रात्री ‘नॅशनल बार्न डान्स’ हा गावाकडच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १९२५ रोजी, नॅशव्हिल शहरात डब्ल्यूएसएम या स्टेशनवर असाच कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याचे नाव ‘ग्रँड ओल ऑप्री’ पडले. हे स्टेशन एका विमा कंपनीचे. एका स्टेशनमागे दुकान, दुसऱ्यामागे विमा. म्हणजे गाणे गरिबाचे, पण ते हवेत सोडणारा हात पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्याचा, हे ध्यानात ठेवा.

त्या काळच्या एएम रेडिओची एक खुबी होती. रात्री त्याच्या लहरी आकाशातल्या थरावर आदळून परत जमिनीकडे येतात आणि शेकडो मैल दूर ऐकू जातात. त्यामुळे व्हीलिंग गावच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीए या स्टेशनवरचा १९३३ साली सुरू झालेला ‘जॅम्बोरी’ कार्यक्रम ईशान्य अमेरिकेत आणि कॅनडातही रात्री कान देऊन ऐकला जाई. शहरात स्वतःचे स्टेशन नसले तरी गावचा आवाज असा रात्रीचा चोरपावलांनी शहरात येत होता.

गाण्यामागोमाग माणसेही आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या भागातली लाखो गोरी गरीब माणसे पोटासाठी शिकागो, डेट्रॉइट, सिनसिनाटी या कारखान्यांच्या शहरांत आली. शिकागोचा अपटाऊन हा भाग तर अशा लोकांची वस्ती म्हणूनच ओळखला जाऊ लागला. शहरवाले त्यांना ‘हिलबिली’ म्हणून हिणवत. डोंगरातला अडाणी, असा त्या शब्दाचा भाव. त्यांच्या गाण्यालाही हेच नाव पडले होते. ज्या शब्दाने माणसाला हिणवायचे तोच शब्द त्याच्या गाण्याला लावायचा, ही रीत काही फक्त एका देशात नाही.

ऐकणारा गरीब, म्हणून जाहिरात नाही

अमेरिकेतला बहुतेक रेडिओ खासगी मालकीचा. आपल्या आकाशवाणीसारखा सरकारी आधार त्याला नसतो. तो चालतो जाहिरातीवर. जाहिरात देणारा दोनच प्रश्न विचारतो. किती माणसे ऐकतात, आणि त्या माणसांच्या खिशात काय आहे?

पहिल्या प्रश्नाला कंट्रीवाल्यांकडे उत्तर होते. दुसऱ्या प्रश्नावर ते अडत. मोठ्या जाहिरात कंपन्या न्यूयॉर्कच्या. तिथल्या साहेबांनी हे गाणे कधी ऐकलेले नाही, आणि हे ऐकणारा म्हणजे अनवाणी फिरणारा कफल्लक, अशी त्यांची पक्की समजूत. १९५८ साली कंट्री म्युझिक असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तिने पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट येथे जाहिरातवाल्यांच्या बैठका भरवल्या आणि त्यांना पटवून दिले की आमच्या श्रोत्याला आता कारखान्यात पगार आहे, त्याच्याकडे मोटार आहे, तो घराचे हप्ते भरतो आणि दुकानात जाऊन सामानही घेतो. या खटपटीचा परिणाम झाला. १९६१ साली संपूर्ण अमेरिकेत पूर्णवेळ कंट्री गाणी लावणारी स्टेशने अवघी ८१ होती. १९६९ साली ती ६०६ झाली.

पण जरा थांबून विचार करा. आमचे गाणे चांगले आहे, त्यात माणसाचे सुखदुःख आहे, म्हणून ते लावा, असे कोणी म्हटले नाही. म्हणून उपयोगही झाला नसता. आमचा माणूस खरेदी करतो, एवढेच सिद्ध करावे लागले. आणि जी जागा अशी खरेदीच्या जोरावर मिळते, ती दुसरा कोणी जास्त खरेदी करणारा भेटला की जाते. न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच घडले.

पाच वेळा आले, पाच वेळा गेले

फेब्रुवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएचएन या एएम स्टेशनने कंट्री गाणी सुरू केली. लोक हसले. पण स्टेशन चालले. आठवड्याला दहा लाखांवर माणसे ते ऐकू लागली आणि देशातल्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या कंट्री स्टेशनांत त्याचे नाव झाले. ‘न्यूयॉर्कला हे गाणे चालत नाही’ हा समज तिथेच खोटा ठरला.

१९८० साली ‘अर्बन काऊबॉय’ हा सिनेमा आला आणि शहरी तरुण गावाकडच्या टोप्या घालू लागले. लाट आलेली पाहून त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या १०६.७ या एफएम स्टेशननेही कंट्री लावले. हे स्टेशन आधी जाझ संगीताचे होते. जाझ हे कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेले संगीत; त्याच्या चाहत्यांनी निषेध केला, पण कोणी ऐकले नाही. म्हणजे ज्या गाण्याला पुढे हाकलले गेले, त्याने येताना दुसऱ्याला हाकलले होते. आणि जानेवारी १९८४ मध्ये तिथले कंट्रीही गेले. ऑफिसात काम करता करता ऐकावी अशी मवाळ गाणी त्या जागी आली.

इकडे डब्ल्यूएचएनचे दिवसही भरत आले होते. गाणी ऐकणारे एएम सोडून स्वच्छ आवाजाच्या एफएमकडे जात होते. १९८६ साली एमिस या कंपनीने ते स्टेशन घेतले आणि १ जुलै १९८७ रोजी गाणी बंद करून तिथे दिवसरात्र खेळाच्या बातम्या आणि गप्पा सुरू केल्या. डब्ल्यूएफएएन हे ते स्टेशन. फक्त खेळाला वाहिलेले अमेरिकेतले हे पहिले स्टेशन पुढे भरभराटीला आले आणि त्याची नक्कल देशभर झाली.

त्याच वर्षी डब्ल्यूवायएनवाय या एफएम स्टेशनने कंट्रीची जागा भरून काढली. आधी ९७.१ वर आणि १९८८ पासून १०३.५ वर ते चालले. १९९० नंतर गार्थ ब्रुक्ससारख्या गायकांमुळे हे गाणे देशभर जोरात असताना, फेब्रुवारी १९९६ मध्ये, तेही बंद झाले आणि त्या जागी नाचाच्या गाण्यांचे डब्ल्यूकेटीयू आले. नव्या स्टेशनने थोड्याच काळात शहरात पहिला क्रमांक मिळवला. मालकाच्या हिशेबाने निर्णय बरोबर ठरला.

पुढच्याच वर्षी काय झाले पाहा. ७ ऑगस्ट १९९७ रोजी गार्थ ब्रुक्सने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फुकट कार्यक्रम केला. अग्निशमन खात्याने गर्दीचा अंदाज सांगितला ९ लाख ८० हजार. हा आकडा फुगलेला आहे असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांचे खरे मानले तरी माणसे काही लाखांच्या घरात होतीच. आणि त्या दिवशी खुद्द शहरात पूर्ण ताकदीचे एकही कंट्री एफएम स्टेशन नव्हते! उपनगरांतल्या लहान लहान स्टेशनांची साखळी करून १०७.१ वर ही गाणी लावली जात होती. शहराच्या मध्यभागी तिचा आवाज धड पोचत नसे. २००२ साली ती साखळीही स्पॅनिश गाण्यांकडे वळली.

त्यानंतर दहा वर्षे सुनसान. मग क्युम्युलस नावाच्या कंपनीने एका धार्मिक संस्थेकडून ९४.७ ही जागा चार कोटी डॉलरना घेतली आणि जानेवारी २०१३ मध्ये ‘नॅश एफएम’ सुरू केले. त्याचा मनोरा नदीपलीकडे न्यू जर्सीत, त्यामुळे लाँग आयलंडसारख्या भागात, जिथे या गाण्याचे पुष्कळ श्रोते राहतात, आवाज कमजोर. श्रोत्यांच्या यादीत स्टेशन कधी वर चढले नाही. २०१९ साली स्टेशनांची अदलाबदल होऊन ते एंटरकॉम कंपनीकडे गेले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे कंट्रीऐवजी जुनी हिप-हॉप गाणी सुरू झाली.

जागा थोडी, भाडे जास्त

असे का होते? याचे उत्तर चाळीत किंवा झोपडपट्टीत राहिलेल्या माणसाला चटकन कळेल. जागा थोडी असली की भाव चढतो, आणि मग तिथे राहतो कोण हे पाहिले जात नाही, देतो किती हे पाहिले जाते.

एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच. आवाजात आवाज मिसळू नये म्हणून एकाच शहरातल्या दोन पूर्ण ताकदीच्या स्टेशनांत साधारण ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवावे लागते. हिशेब केला तर एका शहरात अशी स्टेशने बसतात फार तर दोन डझन. त्यातली खालच्या टोकाची काही शिक्षण आणि सार्वजनिक कामासाठी राखीव. लहान शहर असो की दोन कोटींचे, पट्टा तेवढाच. लहान शहरात एवढ्या जागांना मालक मिळणेही कठीण, म्हणून तिथे कंट्री आरामात नांदते. न्यूयॉर्कमध्ये एकेका जागेसाठी कोट्यवधी डॉलर मोजावे लागतात. तिथे शंभरातल्या दोघांनी ऐकले तरी ती माणसे मोजायला गेले तर लाखांत भरतील. पण त्याच जागेवर दुसरे गाणे लावून शंभरातले पाच मिळत असतील, तर त्या दोघांना घराबाहेर काढले जाते. स्टेशन तोट्यात असावे लागत नाही. शेजाऱ्यापेक्षा कमी नफ्यात असले तरी पुरते.

त्यात १९९६ साली अमेरिकेने दळणवळणाचा नवा कायदा केला. त्याआधी एका कंपनीला देशभरात एएमची २० आणि एफएमची २०, एवढीच स्टेशने ठेवता येत. ती मर्यादा उठली. सर्वांत मोठ्या शहरांत एका मालकाला आठ स्टेशनांपर्यंत मुभा मिळाली. कंपन्यांनी कर्जे काढून शेकड्यांनी स्टेशने विकत घेतली. मग कर्जाचे व्याज भरायचे, तर प्रत्येक जागेतून शेवटचा पैसा काढला पाहिजे. एवढे करूनही शेवट काय? ९४.७ चालवणारी क्युम्युलस नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. तिच्यानंतरची मालक एंटरकॉम, जिने पुढे ऑडॅसी हे नाव घेतले, ती जानेवारी २०२४ मध्ये गेली.

मोजणारा कोण?

श्रोते किती, हे मोजण्याचे कामही एका कंपनीचे. आर्बिट्रॉन ही कंपनी निवडक घरांत वह्या वाटत असे. कोणते स्टेशन किती वेळ ऐकले ते लोकांनी आठवडाभर लिहायचे. २००७ पासून तिने वहीऐवजी अंगावर बाळगायचे एक लहान यंत्र आणले, जे स्टेशनचा आवाज स्वतःच ओळखते. ऑक्टोबर २००८ मध्ये हे यंत्र न्यूयॉर्कमध्ये लागू होताच कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक श्रोत्यांच्या स्टेशनांचे आकडे कोसळले. आमच्या लोकांना पुरेशी यंत्रेच दिली नाहीत, ही त्यांची तक्रार. न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांनी कंपनीवर खटला भरला. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली आणि मोजणीची पद्धत सुधारण्याचे कंपनीने मान्य केले.

कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या स्टेशनांचे दुखणे तर याहून जुने. १९९९ साली सरकारी दळणवळण आयोगासाठी एक अहवाल तयार झाला. त्यात दाखवून दिले की श्रोत्यांची संख्या सारखी असूनही या स्टेशनांना जाहिरातीचे पैसे कमी मिळतात, कारण काही जाहिरातदार अशा स्टेशनांवर जाहिरात द्यायचीच नाही असे सांगून ठेवतात. जाहिरात देताना वर्णावरून असा भेद करू नये, असा नियम आयोगाने डिसेंबर २००७ मध्ये केला. म्हणजे गोऱ्या कामगाराला खिसा दाखवून आत येता आले. काळ्या माणसाने खिसा दाखवला तरी दार उघडेलच असे नव्हते.

याच न्यूयॉर्कमध्ये हार्लेमचे पुढारी आणि माल्कम एक्स यांचे वकील पर्सी सटन यांनी १९७१ साली इनर सिटी ब्रॉडकास्टिंग ही कंपनी काढून आधी डब्ल्यूएलआयबी हे एएम आणि मग डब्ल्यूबीएलएस हे एफएम स्टेशन कृष्णवर्णीयांच्या मालकीचे केले. डब्ल्यूबीएलएस शहरात अव्वल ठरले. चाळीस वर्षे ते टिकले. शेवटी कर्जापायी २०१२ साली कंपनीच्या हातून गेले, आणि २०१४ साली ती दोन्ही स्टेशने विकत घेतली ती एमिसनेच. गाणे तेच राहिले, मालक बदलला.

दुसरे शहर, दुसरा मालक

आता लॉस एंजेलिसकडे वळू. हे अमेरिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथले केझेडएलए हे कंट्री स्टेशन ऑगस्ट २००६ मध्ये बंद झाले. मालक कोण? पुन्हा एमिस. देशातल्या दोन सर्वांत मोठ्या शहरांत त्या वेळी हे गाणे लावणारे मोठे एफएम स्टेशन राहिले नाही.

तिथे सॉल लेव्हिन नावाचे एक गृहस्थ. त्यांनी १९५९ साली माऊंट विल्सन डोंगरावर मनोरा उभारून स्वतःचे एफएम स्टेशन काढले होते. मोठमोठ्या कंपन्या स्टेशने गिळत असताना त्यांनी आपले विकले नाही. त्यांचे स्वतःचे प्रेम पाश्चात्य शास्त्रीय संगीतावर. पण शहरात कंट्रीला जागाच उरली नाही हे पाहून त्यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये आपल्या १०५.१ या स्टेशनवर ‘गो कंट्री’ सुरू केले, आणि जिथे मोठ्या कंपनीने हात टेकले तिथे ते वर्षानुवर्षे चालवून दाखवले. यात त्यांचा धर्मादाय हेतू होता असे नाही, धंदाच होता. फरक एवढाच की मनोरा आपला, मालकी घरची, तेव्हा अमुक टक्के नफा दाखवाच असे म्हणणारा सावकार डोक्यावर नव्हता. थोडक्यात समाधान मानण्याची मोकळीक ज्याला असते, त्यालाच थोड्यांचे गाणे लावता येते.

शिकागोतही डब्ल्यूयूएसएन हे स्टेशन १९८१ पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ कंट्री लावत आले. तिथे मालक बदलत गेले, पण गावाहून आलेल्या माणसांची वस्ती आणि सवय शहरात मुरलेली होती. तेव्हा मोठ्या शहरात गावाकडचे गाणे चालतच नाही, हे म्हणणे खरे नाही. ते चालते, पण त्याला कोणीतरी धरून ठेवावे लागते.

घराच्या आतले दार

एवढे वाचून कोणी म्हणेल, बिचारे कंट्रीवाले! पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

या संगीतातला बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांतून आला. तरीही १९२० नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांची गाणी एका यादीत आणि काळ्यांची दुसऱ्या यादीत अशी फाळणी केली. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय कलावंत माऊथ ऑर्गनवर आगगाडीचा आवाज हुबेहूब काढी. ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या सुरुवातीच्या मोठ्या आकर्षणांपैकी तो एक. १९४१ साली त्याला काढून टाकले. कंट्रीच्या सन्मान मंदिरात त्याचे नाव लागले ते २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. चार्ली प्राइडच्या पहिल्या रेकॉर्डी १९६६ साली रेडिओ स्टेशनांना पाठवल्या, तेव्हा कंपनीने त्याचा फोटो सोबत दिला नाही. आवाज आवडू दे, रंग नंतर कळू दे, असा हिशेब. १९७१ साली तोच वर्षातला सर्वश्रेष्ठ कलावंत ठरला.

बायकांची कथाही निराळी नाही. मे २०१५ मध्ये कीथ हिल या रेडिओच्या सल्लागाराने उघड सांगितले की श्रोते हवे असतील तर गायिकांची गाणी कमी लावा. कोशिंबिरीतला हिरवा पाला म्हणजे पुरुष गायक, आणि गायिका म्हणजे त्यातले टोमॅटो, अशी उपमा त्याने दिली. टोमॅटो वरून थोडेच घालायचे असतात! मोठा गदारोळ झाला.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्से या गायिकेने कंट्री धाटणीचे गाणे काढले. ओक्लाहोमा राज्यातल्या एका लहान स्टेशनला श्रोत्याने ते लावायची विनंती केली. उत्तर आले, आम्ही बियॉन्से लावत नाही, आमचे कंट्री स्टेशन आहे. लोकांनी पत्रांचा आणि फोनचा भडिमार केला, तेव्हा गाणे लागले. त्याच महिन्यात ते कंट्रीच्या यादीत पहिले आले. त्या यादीत पहिली येणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या त्या संग्रहाला वर्षातल्या सर्वश्रेष्ठ अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

म्हणजे ज्यांना शहराने दाराबाहेर ठेवले, त्यांनीही आपल्या घरात कोणाला तरी उंबऱ्याबाहेर उभे केले होतेच. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण दुसऱ्यावर करत नाही, असे आपोआप होत नसते. ते ठरवून करावे लागते.

तात्पर्य

आज गाणी मोबाईलवर ऐकता येतात. न्यूयॉर्कच्या माणसाला कंट्री ऐकायला आता स्टेशनची गरज नाही, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण रेडिओचे काम वेगळे. तो न मागता ऐकवतो. टॅक्सीत, दुकानात, कारखान्यात लागलेला रेडिओ ज्याला ते गाणे माहीत नाही त्याच्याही कानावर घालतो, आणि मग परक्या माणसाचे दुःख आपल्या ओळखीचे वाटू लागते. मोबाईलवर आपण आपलेच आवडते ऐकतो. शिवाय तिथेही पुढचे गाणे कोणते सुचवायचे ते कोणीतरी ठरवतोच.

न्यूयॉर्कच्या या कहाणीतून तीन गोष्टी घ्यायच्या. नुसती संख्या पुरत नाही. दहा लाख श्रोते असलेले स्टेशनही एका दुपारी बंद होते. मोजणी दुसऱ्याच्या हाती असेल तर ती तपासावी लागते, प्रसंगी कोर्टात जावे लागते. आणि मालकी आपली असेल, डोक्यावर कर्ज नसेल, तर थोड्या माणसांचा आवाजही टिकतो.

घरात संध्याकाळी टीव्ही किंवा मोबाईल चालू असेल तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. बाळांनो, हे आपल्याला फुकट कोण दाखवतो, आणि का? पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. पण हा प्रश्न विचारायची सवय लागली की मूल नुसते ऐकत बसत नाही, ऐकवणाराही कोण ते पाहू लागते.